जसं दिलंय तसं करा

परवा रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. या वेळेला घरच्यांचा फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं. पण तसं काही नव्हतं.

"मामा, तांबं येतच नाहीये रे!"

बायको अर्धवट झोपेत होती. ती म्हणाली, "कोणाचं तांबं? पूजेचं का?" तिला म्हटलं, झोप तू, हे आमचं तांबं वेगळं आहे.

भाची पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये दोन मोटरींवर चालणारी एक छोटी गाडी आहे, आणि तिचा बोर्ड हिच्या वाट्याला आलाय. सगळ्या गटांच्या फाइली सकाळी दहाच्या आत एकत्र पाठवायच्या, मग बोर्ड बनून येणार. म्हणजे तिच्या हातात एक रात्र होती. मीही उठून बसलो, लॅपटॉप उघडला आणि तिची फाइल मागवून घेतली.

पुढचं समजायला थोडी पार्श्वभूमी लागेल. आमच्या घरातली बरीच मंडळी हे वाचतात आणि "तू नक्की काय करतोस रे?" हा प्रश्न आमच्याकडे गेली पंचवीस वर्षं चालू आहे, म्हणून सांगतो. बाकीच्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालेल.

रेडिओ, टीव्हीचा रिमोट, पंपाचं पॅनेल, काहीही उघडलं की आत एक हिरवी पट्टी दिसते, तो पीसीबी. त्या हिरव्या रंगाखाली तांब्याचा पातळ थर असतो, नेहमीच्या बोर्डावर साधारण ३५ मायक्रॉनचा. या तांब्यातून रेषा कोरलेल्या असतात, त्यातून वीज जाते. रेषांखेरीज तांब्याची मोठमोठी पटांगणंही ठेवतात, त्यांना कोणी शेप म्हणतं, कोणी झोन, कोणी पॉलिगॉन. त्यांची कामं दोन. एक म्हणजे जमिनीची, म्हणजे ग्राउंडची, जोडणी सगळीकडे पोचवणं आणि दुसरं म्हणजे तापणार्‍या भागातली उष्णता पसरवून टाकणं. भाकरी तव्यावरून काढून परातीत टाकली की लवकर निवते, तसंच.

आता नेट. एकमेकांना जोडायच्या सगळ्या टोकांचा मिळून एक नेट. मी नवीन मुलांना सांगतो की नेट म्हणजे गोत्र. फक्त लग्नाच्या उलट, इथे सगोत्र असेल तरच जुळतं :) तांब्याच्या पटांगणाला एक गोत्र द्यायचं, समजा जीएनडी. मग सॉफ्टवेअर त्या पटांगणातलं जे जे जीएनडी आहे त्याला तांबं चिकटवतं, आणि जे परकं आहे त्याच्याभोवती ठरलेलं अंतर सोडून वळसा घालतं.

तर भाचीचा प्रश्न. मोटर चालवणारी एक आठ पायांची आयसी आहे. तिच्या पोटाखाली धातूचा एक उघडा पॅड असतो, आयसीची उष्णता बाहेर काढायला. त्या पॅडभोवती आणि आयसीच्या दोन्ही टोकांना पसरेल असा डमरूच्या आकाराचा झोन हिने काढला होता, नेट जीएनडी. आकार अगदी बरोबर होता, पुस्तकात असतो तसा. पण झोन भरायचा हुकूम दिला की नुसती कडेची रेषा राही. आत तांब्याचा कण नाही.

"किती वेळ झगडतेयस?"

"जेवणानंतरपासून. आणि आत्ता सापडलं बहुतेक. मैत्रिणीने सांगितलं की झोनच्या प्रॉपर्टीजमध्ये बेटं काढून टाकायचं सेटिंग असतं, ते 'कधीच नाही' कर. केलं. आलं तांबं! फक्त तू एकदा बघून घे, मग पाठवते."

मी फाइल बघितली. डमरू छान लालभडक भरलेला होता. आणि पॅडच्या भोवती, चारी बाजूंनी, एक बारीक काळी रेघ होती.

ती रेघ बघून मला २००६ साल आठवलं. जे आठवलं ते तिला त्या रात्री सांगितलं नाही. इथे सांगतो.

पण आधी माझं मत सांगतो, कारण हे लिहायला बसलो ते त्यासाठी. सॉफ्टवेअरने तांबं टाकायला नकार दिला तर शंभरातल्या नव्वद वेळा ते काहीतरी खरं सांगत असतं. (हे नव्वद माझ्या पदरचे, मोजलेले नाहीत.) आपण ते ऐकून घ्यायच्या ऐवजी त्याचं तोंड बंद करायचं बटण शोधतो. बटण सापडतंही, कारण प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ते असतंच. तांबं दिसायला लागतं, आणि 'प्रॉब्लेम सुटला' असं म्हणून आपण झोपायला जातो. माझ्या मते याला प्रॉब्लेम सुटणं म्हणू नये. आधी का येत नव्हतं आणि आता का आलं, ही दोन्ही उत्तरं जोवर आपल्याला तोंडाने सांगता येत नाहीत, तोवर तो सुटलेला नाही.

माझ्या पहिल्या नोकरीतले साहेब जुन्या काळातले होते. त्यांनी मायलरच्या पारदर्शक कागदावर काळी टेप चिकटवून, दुप्पट आकारात, सर्किटं काढली होती. मग त्याचा फोटो काढून निम्म्या आकाराची फिल्म करायची. त्या काळात तांब्याचं पटांगण म्हणजे खरोखरच एक तुकडा होता, ब्लेडने कापलेला. जिथे चिकटवला तिथे तांबं येणार, जिथे नाही तिथे नाही. चूक असली तर ती सरळ डोळ्यांसमोर.

आता तसं नाही. आता आपण काढतो ती नुसती हद्द असते. "या हद्दीत, या गोत्राचं, हे सगळे नियम पाळून जेवढं तांबं मावेल तेवढं टाक," अशी ती एक विनंती असते. जे तांबं दिसतं ते सगळ्या नियमांतून उरलेलं तांबं. आणि गोंधळ होतो तो इथेच, कारण पडद्यावर ती विनंती चित्रासारखी दिसते. आपल्याला वाटतं आपण चौकोन काढला, मग चौकोन का नाही आला? पण चौकोन आपण काढलेलाच नसतो, मागितलेला असतो.

म्हणून तांबं आलं नाही की मी प्रश्न ठरावीक क्रमाने विचारतो. भाचीला हेच लिहून पाठवलंय, इथेही देतो. कोणाला उपयोग झाला तर झाला.

सगळ्यात आधी, झोन ताजा आहे का? किकॅडमध्ये बी दाबलं की सगळे झोन पुन्हा भरले जातात. जुन्या ईगलमध्ये तर फाइल उघडली की सगळी पॉलिगॉन नुसती तुटक रेषांची दिसायची, आणि रॅट्सनेस्टचा हुकूम दिला की भरायची. किती नवी पोरं घाबरून जायची की काल केलेलं काम गेलं म्हणून. ते न करता तशीच गर्बर फाइल काढली तरी ईगल त्या वेळी पॉलिगॉन आपोआप भरून घ्यायचं.

मग, थर बरोबर आहे का? वरच्या तांब्यावर काढायचं ते खालच्या तांब्यावर काढलं, किंवा नुसत्या छपाईच्या थरावर काढलं, हे रात्री दोनला सगळ्यांचं होतं. अ‍ॅलेग्रोमध्ये काम करणार्‍यांना विचारा. तिथे वर्ग आणि उपवर्ग असे दोन्ही बरोबर निवडावे लागतात. एच या वर्गात नसेल तर तो शेप म्हणजे नुसतं चित्र, तांबं नाही.

तिसरा प्रश्न, नेट कोणता? झोनचा नेट आणि ज्याला जोडायचं त्या पॅडचा नेट. दोन्ही, स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे. 'जीएनडीच असणार' असं म्हणायचं नाही.

चौथा प्रश्न अंतराचा आणि जाडीचा. हा भल्याभल्यांना फसवतो, म्हणून हिशेबच करून दाखवतो. नेहमीच्या पिनांच्या पट्टीत दोन पिनांमध्ये २.५४ मिमी अंतर असतं आणि प्रत्येकीचा पॅड १.७ मिमीचा. म्हणजे दोन पॅडांमध्ये मोकळी जागा ०.८४ मिमी. झोनला सांगितलं की परक्यांपासून ०.३ मिमी लांब राहा. दोन्ही बाजूंचे मिळून ०.६ गेले, उरले ०.२४. आणि झोनची किमान जाडी ठेवली आहे ०.२५. झालं! मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी सॉफ्टवेअर त्या फटीत तांबं घालत नाही, आणि अख्ख्या पट्टीच्या पलीकडचं तांबं अलीकडच्यापासून तुटतं. नकाशात बघितलं तर वाटतं बिघाड आहे. बिघाड कसला, हिशेब आहे.

पाचवा, क्रम. दोन झोन एकमेकांवर आले तर आधी कोणी भरायचं? किकॅडमध्ये ज्याचा प्राधान्याचा आकडा मोठा तो आधी, दुसर्‍याने उरलेल्या जागेत भागवायचं. लहान झोन मोठ्याच्या पोटात ठेवला आणि आकडा दिला नाही तर भलताच जागा बळकावतो.

आणि सगळ्यात शेवटी बेटं. आपल्या गोत्राच्या एकाही पॅडला किंवा व्हायाला न लागलेला तांब्याचा तुकडा म्हणजे बेट. सॉफ्टवेअर असं बेट आपोआप काढून टाकतं, कारण कशालाच न जोडलेलं तांबं बहुतेक वेळा निरुपयोगी असतं आणि कधी कधी अँटेनासारखं वागून त्रास देतं. त्यामुळे "बेट म्हणून काढलं" याचा सरळ अर्थ "तुझं हे तांबं कशालाच जोडलेलं नाही" असा आहे. इतक्या स्पष्ट शब्दांत सॉफ्टवेअर क्वचितच बोलतं. आणि नेमकं त्यालाच आपण 'कधीच काढू नकोस' म्हणून गप्प करतो.

भाचीच्या बोर्डावर हेच झालं होतं. त्या पोटाखालच्या पॅडचा क्रमांक नऊ. पण तिने सर्किटात वापरलेल्या चिन्हाला पाय आठच. नववा पाय चिन्हातच नाही, म्हणून बोर्डावरच्या नवव्या पॅडला गोत्रच मिळालं नाही. झोन जीएनडीचा, पॅड बिनगोत्राचा. म्हणजे तो परका. म्हणून त्याच्याभोवती वळसा. आणि व्हाया अजून टाकल्या नव्हत्या, त्यामुळे त्या डमरूत जीएनडीचं दुसरं काहीच नव्हतं. अख्खा डमरू एक बेट. म्हणून रिकामा.

यात वाईट गोष्ट अशी की बाकी सगळं ठीक दिसतं. जोडायची राहिलेली एकही रेषा दिसत नाही, कारण ज्याला नेटच नाही त्याला कोणाशी जोडायचंच नसतं. अंतराचे नियमही मोडलेले नाहीत. तपासणी शून्य चुका दाखवते. सर्किट आणि बोर्ड एकमेकांशी जुळतात का हे बघायचा एक वेगळा चौकोन त्या तपासणीच्या खिडकीत असतो, त्यावर बरोबरची खूण केली असती तर कळलं असतं. पण ती कोण करतं!

आता २००६.

मी तेव्हा नुकताच स्वतंत्र कामं घ्यायला लागलो होतो. पंपाची पॅनेलं बनवणार्‍या एका गृहस्थांनी एक बोर्ड सांगितला. विहिरीतलं किंवा बोअरमधलं पाणी संपलं, किंवा तीनपैकी एखादा फेज गेला, की मोटर आपोआप बंद करायची. त्या दिवसांत भारनियमन जोरात होतं, फेज जाणं रोजचं, मोटरी जळायच्या, त्यामुळे वस्तूला मागणी होती. साठ बोर्डांची ऑर्डर. माझ्यासाठी तेव्हा ती मोठी होती.

बोर्डावर पाच व्होल्टचा एक रेग्युलेटर होता, छोटा, पट्टीवर चपटा बसणारा. एका बाजूला तीन पाय आणि दुसर्‍या बाजूला रुंद जीभ. ही जीभ आतून मधल्या पायाला, म्हणजे ग्राउंडला जोडलेली असते आणि तिच्यातूनच उष्णता बाहेर पडते. जिभेखाली तांब्याचं चांगलं पटांगण दिलं तर भागतं. मी ईगलमध्ये पॉलिगॉन काढलं, नाव जीएनडी. भरलं नाही. दोन तास खटपट केली. अंतर बदल, जाडी बदल, पुसून पुन्हा काढ. शेवटी ऑर्फन्स नावाचं एक सेटिंग सापडलं. अनाथ! ते चालू केलं आणि तांबं आलं. मला इतका आनंद झाला की मी चहा प्यायला खाली उतरलो.

अनाथ हा शब्द समोर लिहिलेला होता. हा तुकडा अनाथ का आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

झालं होतं तेच. मी लायब्ररीत त्या भागाच्या जिभेला चौथा पॅड म्हणून ठेवलं होतं आणि चिन्हाला पाय तीन. मधल्या पायातून ग्राउंड मिळत होतं, त्यामुळे टेबलावर बोर्ड उत्तम चालला. फक्त जीभ आणि पटांगण यांच्यामध्ये नखाच्या जाडीएवढी फट होती.

फाइली भोसरीला एका छोट्या युनिटमध्ये दिल्या. काका आणि दोन कामगार, बस. दुसर्‍या दिवशी काकांचा फोन आला.

"साहेब, एक विचारायचं होतं. वरच्या साइडला एक कॉपरचा तुकडा आहे, तो कशालाच जोडलेला दिसत नाही. मधल्या पॅडला पण गॅप आहे. असंच पाहिजे का?"

मी चिडलो. माझ्या वयाच्या दुप्पट वयाचा माणूस, आणि मी त्यांना म्हणालो, "काका, डिझाइन मी केलंय ना? जसं दिलंय तसं करा."

त्यांनी तसं केलं.

पॅनेलं जालन्याकडे गेली. मार्चमध्ये सगळं ठीक. मे महिन्यात तक्रारी यायला लागल्या आणि त्या विचित्र होत्या. एक शेतकरी फोनवर म्हणाले, "रातीच्या पाळीला बराबर चालतंय बघा साहेब, दिसाच्या पाळीला दम टाकतंय." शेतीला वीज पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाची पाळी असली की दुपारी पंप बंद पडायचा, थोड्या वेळाने आपोआप चालू व्हायचा, परत बंद. मी म्हणालो, व्होल्टेज कमी येत असेल.

आज हिशेब करायला दोन मिनिटं लागतात. रेग्युलेटरवर नऊ व्होल्ट पडत होते आणि प्रवाह शंभर मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे ०.९ वॉट. जिभेला तांबं नसेल तर असा भाग दर वॉटला शंभर-सव्वाशे अंश तापतो. पुरेसं तांबं दिलं तर साधारण त्याच्या निम्मा. म्हणजे माझा भाग बाहेरच्या हवेपेक्षा शंभर अंशांनी गरम. रात्री तीस अंशांत तो एकशेतीसला जाऊन कसाबसा तग धरायचा. दुपारी उन्हातल्या पत्र्याच्या पॅनेलमध्ये साठ अंश असले की एकशेसाठ. तिथे तो स्वतःला वाचवायला बंद होतो, निवला की चालू होतो. म्हातार्‍या शेतकर्‍याने 'दम टाकतंय' म्हटलं ते अक्षरशः बरोबर होतं.

अशी चालू-बंद, चालू-बंद होऊन एकाची मोटर जळाली. भर मे महिन्यात, मोसंबीच्या बागेला पाणी हवं असताना. बोअरमधून मोटर वर काढायची, वाइंडिंग करून आणायची, परत सोडायची, यात दहा-बारा दिवस गेले. मोटर वाचवायला म्हणून त्यांनी ते पॅनेल घेतलं होतं. वाइंडिंगचा खर्च पॅनेलवाल्यांनी आणि मी मिळून दिला. बागेचं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही, हे जास्त खरं.

आणि मी दोष कोणाला दिला? काकांना. "तुम्ही ३५ मायक्रॉनच्या ऐवजी १८ चं कॉपर वापरलंत, म्हणून उष्णता पसरत नाही." मोजलं नव्हतं. नुसतं सुचलं आणि बोललो. काका म्हणाले, "नाही हो साहेब, ३५ चंच आहे, शीट दाखवतो." मी ऐकून घेतलं नाही. त्यांच्या बिलातले उरलेले बारा हजार रुपये मी दिले नाहीत.

पावसाळ्यात एक परत आलेला बोर्ड टेबलावर होता. सहज मल्टिमीटरची एक सळई जिभेवर आणि दुसरी पटांगणावर टेकवली. बीप यायला हवा होता. आला नाही. पुन्हा टेकवली. मग फाइल उघडली, मोठी करून बघितली, आणि ती काळी रेघ दिसली.

लायब्ररी दहा मिनिटांत दुरुस्त झाली. परत आलेल्या बोर्डांवर हिरवा रंग खरवडून, फटीवर डाग देऊन जीभ पटांगणाला जोडली. पॅनेलवाल्यांना सांगितलं की 'सुधारित आवृत्ती' आहे. काकांना काहीच सांगितलं नाही. पुढची कामं दुसरीकडे द्यायला लागलो, कारण त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती. बाहेर मात्र वर्षानुवर्षं हा किस्सा "एकदा एका फॅब्रिकेटरने पातळ कॉपर देऊन फसवलं होतं" असा सांगत राहिलो. घरच्यांपैकी काहींनी तो माझ्याकडून ऐकलाय. तो खोटा आहे.

तर परवा रात्री ती रेघ दिसली तेव्हा हे सगळं समोर आलं. भाचीला एवढंच म्हणालो, "ते सेटिंग आधी होतं तसं कर. मग मला सांग, पॅड नऊचा नेट काय आहे."

"मामा, तांबं आलंय ना आता! सकाळी पाठवायचंय."

"पॅडवर क्लिक कर आणि वाच."

थोडा वेळ शांतता. मग, "नो नेट लिहिलंय... पण हा तर ग्राउंड असायला हवा ना?"

पुढचं तिने स्वतःच केलं. नऊ पायांचं चिन्ह घेतलं, नववा पाय जीएनडीला जोडला, बोर्ड अपडेट केला, बी दाबलं. बेटांच्या सेटिंगला हात न लावता डमरू भरला. आता पॅडपासून झोनला चार बारीक आरे गेलेले दिसत होते. ते आरे डाग देणं सोपं जावं म्हणून असतात, पण उष्णता न्यायची असेल तर सलग जोड हवा, तेही बदललं. पॅडखाली व्हाया टाकल्या. पाऊण वाजता झालं. सेटिंग बदलून पाच मिनिटांत झालं असतं, तसं केलं तर तासभर लागला.

कोणी म्हणेल, प्रत्येक वेळी एवढं खणत बसायला वेळ कुठे असतो? मान्य आहे, नसतो. आणि ही बटणं वाईट आहेत असंही माझं म्हणणं नाही. बेटं मुद्दाम ठेवायची वेळ येते. बोर्डावर सगळीकडे तांबं सारखं बसावं म्हणून मोकळे तुकडे ठेवतात. अ‍ॅलेग्रोत नियमांकडे न बघणारा, जसा काढला तसाच राहणारा स्थिर शेप असतो. अँटेनासारख्या ठिकाणी तोच हवा, तिथे सॉफ्टवेअरने आपल्या मनाने तांबं कातरलेलं चालत नाही. पण ते वापरणार्‍याला आपण ते का वापरतोय हे माहीत असतं. मला माहीत नव्हतं. बटण तेच, पण मी ते सुटकेसाठी दाबलं होतं.

आणि वेळेचा हिशेब करायचाच तर पुरता करावा. मी त्या दिवशी तासभर वाचवला. त्याची किंमत जालन्याच्या एका बागेने, भोसरीच्या एका युनिटने आणि साठातल्या जवळपास प्रत्येक पॅनेलच्या मालकाने दिली. माझ्या खिशातून त्या मानाने फारच थोडं गेलं.

काकांचा प्रश्न आणि सॉफ्टवेअरचा नकार, दोन्ही एकच गोष्ट सांगत होते. हे जोडलेलं नाही, असंच पाहिजे का? सॉफ्टवेअरला मी सेटिंग बदलून गप्प केलं आणि काकांना आवाज चढवून. दोन्हीकडे उत्तर द्यायला मला फक्त एकदा झूम करून बघायचं होतं.

काल दुपारी जुन्या डायरीतून नंबर काढून फोन लावला. युनिट आता मुलगा बघतो. त्याने फोन वडिलांकडे दिला. मी नाव सांगितलं, त्यांना लगेच लागलं नाही. मग मी म्हणालो, पंपाचा बोर्ड, २००६, ते कॉपर पातळ असल्यावरून भांडण.

"हां हां. ते गॅपवालं. मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो काका. विचारलं होतं. कॉपर ३५ चंच होतं, चूक माझी होती. मला त्याच वर्षी कळलं होतं."

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या वेळेला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी त्या शीटवाल्याशी पण भांडलो होतो तुमच्यावरून."

हे मला माहीत नव्हतं. यावर काय बोलायचं ते सुचलं नाही. बारा हजारांचं म्हणालो तर "बघू, या एकदा" म्हणाले. शनिवारी जाणार आहे.

भाचीने आज सकाळी मेसेज केलाय. बोर्ड बनवणार्‍यांकडून तिला एक प्रश्न आलाय, कडेच्या एका भोकाबद्दल, असंच हवंय का म्हणून. ती विचारतेय काय उत्तर देऊ. मी लिहिलं, आधी फाइल उघडून बघ, मग उत्तर दे. आणि आभार मान त्यांचे.